जुन्या जीपचा स्पीडोमीटर: चाकापासून काट्यापर्यंत

मामांकडून माझ्याकडे आलेल्या १९७४ सालच्या महिंद्रा सीजे-३बी जीपचा वेगकाटा गेल्या पावसाळ्यात बिघडला. तो बंद पडला नव्हता. ताशी २० ते ४० किलोमीटरच्या दरम्यान तो दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोमीटर इतका हेलकावत असे, सकाळी गाडी थंड असताना डॅशबोर्डच्या मागून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येई, आणि कधी कधी काटा एकदम ९० च्या पुढे जाऊन गाडी मंदावल्यावरही काही क्षण तिथेच रेंगाळत असे. या सगळ्या काळात खालचे किलोमीटरचे आकडे मात्र नेमाने पुढे सरकत होते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार मीटर बदलण्याचा असतो आणि बाजारात नवा मीटर मिळतोही; पण जुन्या गाडीचा मूळ मीटर हा तिच्या इतिहासाचा भाग असतो, त्याच्या आकड्यांत मामांनी चालवलेले सारे किलोमीटर साठलेले आहेत, आणि तो दुरुस्त होण्याजोगा असेल तर तोच दुरुस्त करावा, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी या यंत्राची रचना समजून घेणे अत्यावश्यक आहे, कारण बिघाडाचे प्रत्येक लक्षण त्या रचनेतील एखाद्या ठरावीक जागेकडे बोट दाखवते. जीपमध्ये स्पीडोमीटरची गती ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना गती वाटणारी पेटी) मागच्या टोपणातून, म्हणजे मागच्या चाकांकडे गती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या शाफ्टवरून घेतली जाते. हा शाफ्ट दोन्ही रेंजच्या गिअरांनंतर येत असल्यामुळे गाडी हाय रेंजमध्ये (नेहमीच्या वेगासाठी) असो वा लो रेंजमध्ये (कमी वेगात जास्त जोरासाठी), काट्यावर त्याचा परिणाम होत नाही. शाफ्टवरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला भाग, पिनियनला, म्हणजे एका छोट्या दातेरी चाकाला फिरवतो, पिनियन केबलच्या आतल्या तारेला, म्हणजे इनरला फिरवते, आणि इनर वर मीटरमध्ये एक चुंबक फिरवते. या चुंबकाभोवती त्याला कुठेही न टेकणारी ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते, आणि हे ओढणे व अडवणे जिथे समसमान होते तिथे वाटीला जोडलेला काटा स्थिरावतो. जर्मनीतील ओटो शुल्झ यांनी १९०२ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या मोटारींचे वेगकाटे याच तत्त्वावर चालले. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकाशी संबंधित नसतात. ते त्याच इनरवरून बारीक दात्यांच्या साहाय्याने थेट फिरतात.

यावरून निदानाची वाट आपोआप आखली जाते. काटा आणि आकडे दोन्ही थांबले असतील तर इनर तुटली आहे किंवा पिनियन खाल्ले गेले आहे. आकडे चालू आणि काटा मेलेला असेल तर दोष मीटरच्या आत आहे. काटा हेलकावत असेल तर इनर अडखळत फिरते आहे, म्हणजे केबल कोरडी आहे, गंजली आहे किंवा कुठेतरी फार आवळून वळवली आहे. काटा उसळी मारून वरच चिकटत असेल तर चुंबक आणि वाटी यांच्यामधल्या बारीक फटीत तेल किंवा ग्रीस शिरले आहे आणि ते वाटीला चुंबकाबरोबर घसटत नेत आहे. आणि काटा स्थिर असूनही चुकीचा आकडा दाखवत असेल, तर टायरचा आकार, डिफरन्शियलचे (धुऱ्यावरील दातेरी चाकांच्या संचाचे) गुणोत्तर, चुंबकाची शक्ती किंवा स्प्रिंगचा ताण यांपैकी काहीतरी मूळ हिशेबाशी जुळत नाही. माझ्या जीपमध्ये यातली दोन लक्षणे उघड दिसत होती, आणि तिसरे त्यांच्या आड लपलेले होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्याकडे या जीपचे काम होते ते मेस्त्री आमच्या मामांच्या ओळखीचे आणि वयाने बरेच वडील आहेत. मी मीटर काढून आणू का असे विचारताच ते म्हणाले, "मीटर कशाला खोलताय आधी? खालनं वर या. गाडी खड्ड्यावर घ्या." मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो. मीटर हा या साखळीतला सर्वांत नाजूक भाग आहे. तो उघडण्याची गरज आहे की नाही हे खालचे भाग तपासल्यावरच कळते, आणि खालचा दोष तसाच ठेवून वरचा मीटर दुरुस्त केला तर तो पुन्हा बिघडणार हे ठरलेलेच असते.

गॅरेजच्या खड्ड्यात उतरून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोपणावरील केबलची चाकी (केबल आवळून धरणारा नट) सोडली, तेव्हा केबलच्या टोकातून काळपट तेल ठिबकले. तिथे थेंबभरही तेल येता कामा नये. पिनियन त्याच्या बाहीसह, म्हणजे ज्या नळीत ते बसते तिच्यासह बाहेर काढल्यावर त्याचे सोळाही दात शाबूत होते, कडा थोड्या गुळगुळीत झाल्या होत्या इतकेच. पण बाहीतील तेल अडवणारे सील मात्र कडक होऊन चिरले होते. हे सील निकामी झाले की ट्रान्सफर केसमधील ९० नंबरचे गिअर तेल फिरत्या इनरच्या पिळावरून हळूहळू वर चढत जाते. इनरची बाहेरची वीण स्क्रूच्या आट्यांप्रमाणे काम करते आणि पुरेसा काळ मिळाला तर तेल थेट मीटरपर्यंत पोहोचवते. काटा ९० वर का रेंगाळत होता याचे उत्तर मीटर न उघडताच इथे मिळाले.

केबल पूर्ण काढून जमिनीवर सरळ ठेवली आणि आउटरमधून, म्हणजे बाहेरच्या नळीतून इनर ओढून काढली, तेव्हा हेलकाव्यांचेही कारण दिसले. तेलाबरोबर बारीक, पिवळसर गाळ मिसळून त्याचा घट्ट लेप तयार झाला होता आणि खालच्या सुमारे हातभर लांबीत इनर गंजून खडबडीत झाली होती. ही जीप २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात प्रयाग चिखलीत मामांच्या शेडमध्ये होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते, आणि त्या वर्षी नदी ती पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती. पाणी ओसरल्यावर मामांनी इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलची तेले बदलून घेतली, ब्रेकची कामे केली, चाकांच्या बेअरिंगांत नवे ग्रीस भरले. म्हणून तर गाडी आज चालते आहे. केबलच्या आउटरमध्ये शिरलेले पुराचे पाणी मात्र आतच राहिले. आपल्या नदीकाठच्या गावांत पुरात उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्या गाड्यांच्या मालकांनी स्पीडोमीटरची केबल एकदा काढून धुवावी असे मी आवर्जून सांगेन. हे काम तासाभराचे आहे आणि त्याला फारसा खर्च येत नाही.

आउटरची दुसरी एक जागाही खराब होती. हँडब्रेकच्या ड्रमजवळ ती एका क्लिपखाली दबून चपटी झाली होती, आणि डॅशबोर्डच्या मागे तिचे वळण फार अरुंद होते. अशा वळणाची त्रिज्या साधारण १५० मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, कारण त्याहून तंग वळणात इनर प्रत्येक फेऱ्यात एकदा अडते आणि एकदा झटक्याने सुटते. काट्याचे हेलकावे म्हणजे हेच अडणे आणि सुटणे. जुनी केबल धुऊन वापरण्यात अर्थ नव्हता, म्हणून नवी घेतली. नवी केबल घेताना तीन गोष्टी जुळवून पाहाव्या लागतात. दोन्ही टोकांच्या चाक्यांचे आटे आणि इनरच्या चौकोनी टोकांचे माप तर सगळेच पाहतात. दुसरी गोष्ट म्हणजे आउटरच्या बाहेर इनरचे टोक वरच्या बाजूला सुमारे १० मिलिमीटरच दिसले पाहिजे; ते जास्त असेल तर चाकी आवळल्यावर इनर मीटरच्या शाफ्टला आतून रेटत राहते आणि तिथले बेअरिंग झिजवते. तिसरी गोष्ट फिरण्याच्या दिशेची. इनर पोलादी तारांच्या एकमेकींवर उलटसुलट गुंडाळलेल्या थरांची बनलेली असते आणि सर्वांत बाहेरचा थर कामाच्या दिशेने फिरताना आवळला जाईल असा पिळलेला असतो. उलट्या पिळाची इनर बसवली तर ती उसवत जाते.

ग्रीस लावतानाही हात आखडता ठेवावा लागतो. इनरच्या खालच्या भागाला बोटाने पातळ ग्रीस लावावे आणि वरची साधारण २०० मिलिमीटर लांबी कोरडीच ठेवावी. गाडी चालू लागली की ग्रीस स्वतःहून वर सरकते. भरपूर ग्रीस भरल्यामुळे चांगले मीटर बिघडल्याची उदाहरणे मेस्त्रींनी मला पुष्कळ सांगितली, आणि तेलाने माझ्या मीटरचे काय केले होते हे पाहिल्यावर त्यांच्या सांगण्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

मीटर उघडणे आता अटळ होते. बॅटरीची तार सोडल्याशिवाय डॅशबोर्डच्या मागे हात घालू नये, कारण किल्ली बंद असतानाही तिथल्या काही तारांमध्ये वीज असते. मीटर काढून मी शाहूपुरीतल्या एका वयस्कर कारागिरांकडे नेला, ज्यांचा सारा जन्म ट्रक आणि ट्रॅक्टरचे मीटर दुरुस्त करण्यात गेला आहे. त्यांनी मला शेजारी बसवून प्रत्येक पायरी दाखवली. काचेभोवतीची पत्र्याची कड डब्यावर दुमडलेली असते. ती एकाच जागी उचकटली तर कायमची वाकडी होते, म्हणून त्यांनी ती चपट्या पेचकसाने सगळीकडून थोडी थोडी, गोल फिरत उचलली. काटा काढण्यापूर्वी त्यांनी तो शून्यावरच्या खिळ्यावरून अलगद उचलून पलीकडे सोडला आणि तो मोकळा कुठे थांबतो तिथे पेन्सिलीने बारीक खूण केली. काटा शून्यावर नुसता पडलेला नसतो, स्प्रिंग त्याला खिळ्यावर किंचित दाबून धरते, आणि मोकळ्या काट्याची ती जागा परत तंतोतंत साधली नाही तर पुढचे सगळे आकडे सरकतात. मला विचाराल तर या साऱ्या दुरुस्तीतली सर्वांत महत्त्वाची खूण हीच.

आत अपेक्षेप्रमाणे तेलाचा थर होता. चुंबक आणि वाटी त्यांनी शुद्ध स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने धुतली, डायलच्या रंगाला आणि काट्याला स्पिरिटचा स्पर्शही होऊ दिला नाही, आणि स्प्रिंगला तर फुंकर मारतानाही मध्ये हात धरला. चुंबकाच्या शाफ्टचे पितळी बेअरिंग तेवढे कोरडे पडले होते. डब्याच्या आत इतके तेल येऊनही नेमक्या त्याच जागी ते नसावे याचे मला आश्चर्य वाटले, तेव्हा ते म्हणाले, "वर आलेलं तेल गाळ घेऊन आलंय. तो गाळ बेअरिंगच्या तोंडाशी बसलाय. आत काय जाणार?" सकाळचे किंचाळणे तिथूनच येत होते. बेअरिंग साफ करून त्यात घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब त्यांनी सुईच्या टोकाने सोडला. आकड्यांच्या पट्ट्यांना कोणीही हात लावला नाही. ते जिथे होते तिथेच राहिले.

मीटर बरोबर दाखवतो की नाही हे गाडीत बसवण्यापूर्वी पाहणे शक्य आहे, आणि उद्यमनगरात तर ते सहज शक्य आहे. तिथे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत तारेचे वेढे मोजण्यासाठी लहान काउंटर असतो. तो लावून मीटरचा शाफ्ट फिरवला तेव्हा आकडा एक किलोमीटर पुढे सरकायला साधारण ६२० फेरे लागले. मैलाला १००० फेरे हे जुन्या मीटरांमध्ये रूढ असलेले एक प्रमाण आहे. मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, म्हणून किलोमीटरला ६२१ फेरे येतात, आणि माझा मीटर त्याच प्रमाणाचा निघाला. याचा अर्थ शाफ्ट मिनिटाला ६२१ वेळा फिरला तर काट्याने ताशी ६० किलोमीटर दाखवायला हवेत. मग केबलचा एक तुकडा लेथच्या चकमध्ये धरला, दिशा बरोबर असल्याची खात्री केली, आणि टॅकोमीटरवर फेरे मोजत काटा पाहिला. मिनिटाला ४१० फेऱ्यांना काटा ४० च्या रेघेवर आणि ६२० फेऱ्यांना ६० च्या रेघेवर स्थिर राहिला. पन्नास वर्षांनंतरही चुंबकाची शक्ती टिकून आहे आणि स्प्रिंगचा ताण ढळलेला नाही, याचा हा पुरावा होता, आणि तो पाहून मला मनापासून आनंद झाला.

नवे सील, नवी केबल आणि साफ केलेला मीटर बसवून गाडी फुलेवाडीवरून गगनबावडा रस्त्याला काढली. काटा शांत होता. बालिंग्याच्या पुढे रस्ता मोकळा आणि सपाट मिळतो, तिथे मी काटा ५० वर धरून ठेवला आणि शेजारी बसलेल्या भाच्याने एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचा वेळ मोजला. ताशी ५० ला एक किलोमीटर जायला ७२ सेकंद लागायला हवेत. लागले ६७. ३६०० ला सेकंदांनी भागले की खरा वेग मिळतो, आणि तो ताशी ५४ च्या जवळपास येत होता. परतीच्या बाजूनेही तेच उत्तर मिळाले. हेलकाव्यांच्या आड लपलेला तिसरा दोष हा होता, आणि तो धोकादायक दिशेचा होता, कारण गाडी काट्यापेक्षा वेगाने धावत होती.

मीटर बरोबर आहे हे लेथवर सिद्ध झाले होते, म्हणून चूक त्याच्या खालीच असणार. ती शोधण्याची रीत जुनी आणि अचूक आहे. केबल मीटरपासून सोडली, इनरच्या टोकावर पुठ्ठ्याचा बाण बसवला, सपाट जमिनीवर टेपने २० मीटर मोजून दोन रेघा मारल्या आणि न्यूट्रलमध्ये गाडी ढकलत बाणाचे फेरे मोजले. साडेअकरा फेरे झाले, म्हणजे किलोमीटरला ५७५. मीटरला हवेत ६२१. ५७५ ला ६२१ ने भागले तर ०.९३ च्या आसपास उत्तर येते, आणि ५४ चे ०.९३ पट म्हणजे ५०. रस्त्यावरचे आणि अंगणातले उत्तर इतके नेमके जुळल्यावर शंकेला जागा उरली नाही.

कारण चाकांवरच छापलेले होते. या जीपला मूळ टायर ६.००-१६ मापाचे असतात. माझ्या जीपवर ७.००-१६ होते, जे शेतवाटेवर उंची मिळावी म्हणून पुष्कळ जण बसवतात. खडूची खूण करून गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी पुढे ढकलली तर अंतर सुमारे २.३४ मीटर भरले. शेजारच्या शेडमधल्या मूळ मापाचे टायर असलेल्या जीपचे तेच अंतर २.१७ मीटर होते. मोठे चाक त्याच अंतरात कमी वेळा फिरते, केबलही कमी फिरते, आणि काट्याबरोबर किलोमीटरचे आकडेही सात-आठ टक्क्यांनी मागे राहतात.

उपाय तीन होते. स्प्रिंगचा ताण कमी करून काटा पुढे आणता आला असता, पण आकडे दात्यांवर चालतात, त्यांना स्प्रिंगशी काही देणेघेणे नाही. काटा खरा आणि आकडे खोटे असा मीटर मला नको होता. पिनियनचा एक दात कमी करून केबलचे फेरे वाढवता येतील का, असे मी मेस्त्रींना विचारले. सोळाऐवजी पंधरा दात घेतले तर ५७५ चे ६१३ फेरे होतात, जे पुरेसे जवळ आहे. त्यांनी मूळ पिनियन हातात फिरवून पाहिले आणि नकार दिला. दात कमी झाला की पिनियनचा व्यास आणि दाताचा तिरकेपणा बदलतो, टोपणातले अंतर मात्र तेच राहते, आणि तसे पिनियन वर्मला खात बसते, असे त्यांचे म्हणणे. "काटा सुधारायला जाल आणि शाफ्टचा वर्म घालवाल," असे ते म्हणाले. उद्यमनगरात हवे ते दाते कापून मिळतात. तिथल्याच कसबी माणसाने ते कापू नका म्हणून सांगावे, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

तिसरा उपाय मूळ मापाच्या टायरांचा. बाजूवरच्या चार आकडी खुणेतले पहिले दोन आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. माझ्या टायरांची वर्षे उलटून गेली होती आणि कडांना भेगा पडल्या होत्या, त्यामुळे ते तसेही बदलायला हवे होते. ६.००-१६ टायर बसवल्यावर त्याच दोन रेघांमध्ये बाण बारा फेरे पूर्ण करून पुढच्या फेऱ्याच्या साधारण चाळीस टक्क्यांवर थांबला, म्हणजे किलोमीटरला ६२० फेरे. बालिंग्याच्या पुढच्या त्याच दगडांमध्ये काटा ५० वर धरला असता आता ७२ सेकंद लागतात. टायरमधील हवा मोजून मगच ही चाचणी घ्यावी, कारण हवा कमी असेल तर चाकाचा फेरा थोडा आखूड होतो आणि उत्तर बिघडते.

मेस्त्रींच्या सांगण्यावरून पावसाळा संपल्यावर केबलची वरची चाकी एकदा सोडून इनरचे टोक पांढऱ्या कापडाने पुसून पाहिले. कापड कोरडे निघाले, सील धरून आहे. मोठ्या टायरांच्या काळात आकडे किती मागे राहिले असतील याचा हिशेब गाडीच्या वहीत, टायर बदलल्याच्या तारखेसमोर, त्या दिवशीच्या आकड्यासह लिहून ठेवला आहे, म्हणजे पुढे तेल बदलण्याचे किलोमीटर मोजताना गोंधळ होणार नाही.